रानचीचा दोरा

सोमवार, ४ नोव्हेंबर

तर सगळ्यात आधी आली ती खारूताई. तिचं खरं नाव लांबलचक आहे, माझ्या कवळीत अडकतं. अंगानं काडी, इकडून तिकडे नुसती तुरुतुरु, खिशात पेनांचा गुच्छ. मी तोंडावरच सांगितलं, "पोरी, मी तुला खारूताईच म्हणणार बघ." ती हसली. तिच्या मागून चष्मेवाले प्रोफेसर, आणि शेवटी आमचे प्राणिबागेचे साहेब, पाहुणे जणू त्यांनीच घरी विणून आणलेत अशा थाटात.

डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर लेकीनं ही वही आणून दिली. म्हणाली, "आई, रोज चार ओळी लिही. हात वळेल, आणि माझं डोकं खायची तेवढीच कमी होशील." आता मी चौथीपर्यंत शिकलेली. त्यात तिसरी दोनदा. पण लिहायला बसले की वाटतं, हे आधीच का नाही केलं? वही मध्येच उठून जात नाही.

वहीला घरची माणसं ठाऊक नाहीत, तेव्हा सांगून टाकते. प्राणिबागेच्या मागच्या फाटकाशी दोन खोल्या आहेत, तिथं आम्ही मायलेकी राहतो. लेक गोरिलाघर सांभाळते. मी सकाळी खाद्यघरात गाजरं नि कोबी चिरते. चिरायचं काम माझं नाही खरं तर, पण मला कोण उठवणार?

आणि गोरिलाघरातली मंडळी. कारभारी म्हणजे बाप, पाठ चांदीसारखी, स्वभाव आमच्या ह्यांच्यासारखा, म्हणजे बोलायचं कमी आणि बसायचं वाटेत. थोरली ही त्याची पहिली बायको. तिचा मुलगा दांडगोबा. दोन पोरी आहेत, त्यांचं नंतर सांगेन. आणि माझा गाठोड्या. त्याची आई रानातून आलेली, म्हणून रानची. ती इथं कुणात मिसळलीच नाही. एका सकाळी बघतो तर कुशीत पोर. पण तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच, आणि आठवड्याच्या आत ती गेली. मग बाटली कुणी पाजली? मी. पाठीशी बांधून कोबी कुणी चिरला? मी. म्हणून तो गाठोड्या. आता आमच्या दारात मावणार नाही एवढा झालाय, वेगळ्या खोलीत झोपतो, पण माझी हाक आली की अजून जाळीला कान लावतो.

हे पाहुणे त्याच्यासाठीच आलेत! जगात एवढे गोरिला, आणि बघायला आले माझ्या पोराला. आज जेवण जास्तच गेलं मला.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

खाद्यघरात सगळ्यांना चहा दिला. चष्मेवाले उलट्या बादलीवर बसले. मी खारूताईला धरलं. "आता मला समजेल असं सांग. काय शोधताय त्याच्यात?"

ती म्हणाली, "आजी, प्रत्येक नराच्या अंगात दोन खास दोरे असतात. एक बापानं दिलेला, एक आईनं दिलेला. बापाचा दोरा मुलाला, मुलाचा नातवाला, जवळजवळ जसाच्या तसा. आता गोरिलांत एकच नर सगळ्या माद्यांचा धनी. मग पुढच्या सगळ्या मुलग्यांत त्याचाच दोरा. बाकीच्या नरांचे तिथंच संपले."

"म्हणजे कारभाऱ्याचा दोरा दांडगोबातही आणि गाठोड्यातही?"

"हो. आणि बाहेरच्या बऱ्याच प्राणिबागांत त्याच्याच भावांचा, काकांचा."

"आणि आईचा?"

"त्याच्यावरही निसर्ग झाडू मारतो. एखादा गुण फार कामाचा निघाला की तो ज्यांच्याकडे आहे तेच तगतात, तेच पसरतात. मग दोऱ्याच्या त्या भागात दुसऱ्या कुणाचं काही उरतच नाही. सगळं साफ."

"बरा झाडतो की. माझ्या लेकीला शिकव म्हणावं," मी म्हटलं. लेक दारात उभी होती, तिनं डोळे वटारले.

मग मला आमची जुनी आळी आठवली. एकीच्या घरचं विरजण चांगलं म्हणून सगळ्यांनी तेच नेलं. दही काय लागायचं! बाकीच्यांनी आपापलं विरजण टाकून दिलं. आणि एका उन्हाळ्यात ते नासलं. आळीत कुणाकडेच दुसरं नव्हतं. मी हे सांगितल्यावर खारूताई म्हणाली, "जवळजवळ तसंच, आजी. म्हणून आम्ही दुसरं विरजण शोधत फिरतोय."

चष्मेवाले तेव्हा पहिल्यांदा नीट बोलले. "रानातून आलेल्या त्या मादीचा दोरा इथल्या कुणाशी जुळणार नाही, असा आमचा अंदाज आहे. तिचं रक्त कुणी राखून ठेवलं नाही. तिला दुसरं मूल नाही. मुलाला आईकडून एकच दोरा मिळतो आणि तो पूर्ण तिचा असतो. तेव्हा तो आता असला तर फक्त ह्या मुलात. पुढं त्याच्या लेकींत उतरेल."

"असला तर चार प्राणिबागा दाराशी रांग लावतील," साहेब म्हणाले.

लेकीनं विचारलं, "आणि नसला तर?"

साहेबांनी कपात बघितलं. "तीन वयात आलेले नर एका छपराखाली राहत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. दांडगोबाची नवीन जागा ठरलेली आहे. तसलाच दुसरा नर कुणाला नकोय. आणि मला हे गोरिलाघर वर्षाच्या आत रिकामं करून पाडायचंय."

लेक बादली उचलून गेली. चहा तसाच राहिला, मग तो मी प्यायले.

मी म्हणते, "नसला तर" विचारायचंच कशाला? पोर रानचीचं, दोरा रानचीचा. आजपासून मी त्याला नवरदेव म्हणायला लागले.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

लेक तापानं फणफणलेली. सकाळी उठायला गेली आणि भिंत धरून बसली. आज पाहुण्यांना केस द्यायचे होते. रोज सकाळी गोरिला बाहेर गेले की त्यांच्या झोपायच्या खोलीतल्या पेंढ्यात केस सापडतात. मुळासकट पडलेले पाच-पाच केस, चिमट्यानं उचलायचे, ज्याचे त्याच्या पाकिटात घालायचे. लेक म्हणाली, "आई, जमेल तुला?" मी म्हटलं, "तुझ्या डोक्यातल्या उवा कुणी वेचल्या?"

पाकिटांवर नावं होती, पण मी खात्रीला पेन्सिलीनं चित्रंही काढली. कारभाऱ्याला मिशी, दांडगोबाला दंड, गाठोड्याला गाठोडं. गोरिलाला मिशी नसते हे मला माहीत आहे.

कारभाऱ्याचे केस लगेच मिळाले. दांडगोबाच्या पेंढ्यात तर गादी फाटल्यासारखे केस पडले होते. आणि गाठोड्याच्या खोलीत? काही नाही! तो पेंढ्यात झोपतच नाही, लहानपणीची घोंगडी घेऊन फळीवर झोपतो. आणि ती घोंगडी मीच काल धुऊन वाळत घातली होती. फळीही पाणी मारून पुसलेली. मीच इतकी नीटनेटकी, काय करणार? गुडघ्यावर बसून शोधलं, एक केस मिळाला, तोही अर्धा तुटलेला.

बाहेर खारूताई वाट बघत उभी. थांब म्हणावं तर त्यांची गाडी निघायची. आणि ज्याच्यासाठी सगळी वरात आली, त्याचंच पाकीट रिकामं द्यायचं? शाळेत सगळ्यांनी वह्या दिल्या आणि आपल्याच पोराची कोरी, तसं वाटलं. मग मी डोकं चालवलं. दांडगोबाचे ढीगभर केस पडलेत, त्यातलेच पाच उचलले आणि गाठोड्याच्या पाकिटात घातले. भाऊच आहेत. एका बापाचे. खारूताईच म्हणाली होती ना, दोघांत एकच दोरा? विरजण ह्या भांड्यातलं घेतलं काय, त्या भांड्यातलं घेतलं काय.

पाकिटं बघून खारूताई खूश झाली. चित्रांचा तर फोटोच काढला तिनं.

शनिवार, ९ नोव्हेंबर

लेकीचा ताप उतरला. "दिलीस ना पाकिटं, आई?" "दिली." "तिन्ही?" "तिन्ही. भरगच्च." तिनं माझा हात धरून ठेवला बराच वेळ. मला सांगायची होती ती गंमत, पण तिचा डोळा लागला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

मधले दिवस काही नव्हतं लिहिण्यासारखं. कवळी दुरुस्त झाली. धाकट्या गोरिलापोरीनं लेकीचा बूट पळवला आणि डोक्यावर घालून बसली.

आज चष्मेवाल्यांचं उत्तर आलं. ते स्वतःच आले, खारूताईही होती. साहेबांच्या खोलीत मलाही बोलावलं, खुर्ची दिली. पडद्यावर रंगीत पट्टे दाखवले. छान होते, परकराच्या काठासारखे.

चष्मेवाले म्हणाले, "बापाचा दोरा तिघांत एक आहे, ते अपेक्षितच होतं. पण आईचा दोराही दोन्ही भावांत एकच निघाला. थोरलीचा. रानातल्या मादीचा मागमूस नाही."

"असं कसं?" मी म्हटलं. "पोर रानचीचं आहे. मी डोळ्यांनी बघितलंय."

"जन्मताना बघितलंत, आजी?"

आता खोटं कशाला बोलू? सकाळी बघितलं होतं, कुशीत. पेंढा ओला होता. थोरलीही त्याच दिवसांत पोटुशी होती आणि मग आपोआपच रिकामी दिसायला लागली, पोर काही दिसलं नाही, तेव्हा आम्ही समजलो की गेलं असणार.

"माद्या कधीकधी दुसरीचं पिल्लू पळवतात," ते म्हणाले. "तिला दूध नव्हतं, म्हणूनच तिनं पाठ फिरवली. केस खोटं बोलत नाहीत, आजी."

असेल. शिकलेली माणसं. पण घरी येताना मला राहून राहून रानची आठवत होती. ती पाठ फिरवून बसायची खरी, पण एक हात मागं सोडून, आणि पोराचा पाय त्या हातात. पळवलेलं पोर कुणी असं धरतं का? जाऊ दे. कुणाचं का असेना, बाटली माझी.

लेक साहेबांच्या खोलीतच राहिली. दार लावलेलं होतं.

शनिवार, ३० नोव्हेंबर

खारूताई एकटीच आली. लेक बाजारात गेली होती. मी कोबी चिरत होते. ती उभीच, बसेना. एरवी हिचे पाय टिकत नाहीत आणि आज फरशीला चिकटलेले.

"आजी, एक विचारू? रागावू नका. पाकिटं भरताना कुठं अदलाबदल तर नाही ना झाली?"

मला झोंबलंच. "अदलाबदल? प्रत्येकावर चित्र काढलं होतं मी! मिशी, दंड, गाठोडं. तूच फोटो काढलास. मी एकेक केस ह्या हातानं उचलला आणि ठरवून त्या त्या पाकिटात घातला."

"हो, हो. पण सख्खे भाऊ असले तरी आईच्या दोऱ्यात कुठंतरी थोडा फरक असतोच. हे दोघं... एकाच अंगावरचे वाटतात. प्रोफेसर म्हणतात, आपण दोऱ्याचे थोडेच भाग वाचतो, असं होऊ शकतं. पण मला झोप नाही. पुन्हा पाच केस द्याल? मी गुपचूप बघते."

"गुपचूप कशाला? माझ्यावर भरवसा नसेल तर तोंडावर सांग," मी म्हटलं. "म्हातारी झाले म्हणून काय हात लटपटतात माझे? चौथी शिकलेय, चार पाकिटं भरता येतात मला."

"तीन, आजी."

"तीनच म्हटलं मी."

तिचं तोंड एवढंसं झालं. "चुकलंच माझं," म्हणाली आणि गेली. गाजरही नेलं नाही, एरवी न विचारता उचलते.

लेकीला सांगितलं नाही. आधीच तिचं कशात लक्ष नाही, त्यात माझा पापड मोडलेला कुठं दाखवू?

मंगळवार, ३ डिसेंबर

आनंदाची गोष्ट! साहेबांनी मला काम दिलं. खरंखुरं काम. गाठोड्याला जाळीशी बोलवायचं आणि खांदा टेकवायला शिकवायचं, म्हणजे सुई देता येईल. जनावरांच्या डॉक्टरांनी करून बघितलं, पण त्यांचा वास आला की तो फळीवर जाऊन भिंतीकडं तोंड करतो. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "मी नाही करणार." साहेबांच्या तोंडावर! मग मीच पुढं झाले. म्हटलं, आणा इकडे.

मी विचारलं, "सुई कशाला? बरा आहे की तो."

साहेब म्हणाले, "त्याला आता इथून जायचंय, आजी. त्रास होऊ नये म्हणून."

जायचंय! म्हणजे दोऱ्याचं काही अडलं नाही, कुणीतरी पसंत केलाच. मी म्हणतच होते, रूप बघून कोण नाही म्हणेल? मी विचारलं, "तिकडे बायका किती?" साहेब टेबलावरचे कागद सारखे करत बसले. एवढ्या मोठ्या माणसाला त्यात लाजण्यासारखं काय होतं कुणास ठाऊक.

शिकवणी अशी: मी टाळी वाजवते, म्हणते, "राजा, खांदा." त्यानं खांदा जाळीला लावला की केळ्याचा तुकडा. आधी पेनाच्या टोपणानं टोचायचं, मग बोथट काडीनं. पहिल्याच दिवशी शिकला. हुशार माझा. दुसऱ्या खेपेला तर टाळी वाजायच्या आधीच खांदा लावून माझ्याकडं बघत बसला.

रविवार, ८ डिसेंबर

पुन्हा वजन केलं. डॉक्टर म्हणाले, औषधाचं माप वजनावर ठरतं. मी म्हटलं, "हलका हात ठेवा, उगाच जास्त नको." ते म्हणाले, "कमी पडायला नको, आजी. कमी पडलं तर हाल होतात."

आणि संग्रहालयाचा माणूस आला होता. फीत घेऊन. पंजा, कवटी, खांदे, सगळं जाळीतून मापलं, डोळ्यांचा रंग लिहून घेतला. मला विचारतो, "बसलेला शोभून दिसेल की उभा?" मी म्हटलं, "बसलेला. उभा राहिला की पोट पुढं येतं." तो म्हणाला, काचेच्या मोठ्या कपाटात ठेवणार, अगदी हुबेहूब. म्हणजे पुतळा! जिवंतपणी पुतळा! भल्याभल्यांना मेल्यावर मिळत नाही. जाताना त्यानं माझ्याशी हात मिळवला. हात गार होता त्याचा, औषधाचा वास येत होता.

लेकीला सांगितलं तर तिनं भांडं आपटलं. म्हणाली, "आई, तू त्याला बसलेला म्हणून सांगितलंस?" मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. तिला उभा हवा असणार.

बुधवार, ११ डिसेंबर

आज मनात पाल चुकचुकली, म्हणून लिहून ठेवते.

मी बोळातून जाळीकडं चालले होते. पाइपानं फरशी धुणं चालू होतं, त्यामुळं आवाज तुटत होते. आत लेक आणि साहेब. लेक म्हणाली, "सगळ्यांना विचारलंत? खरंच सगळ्यांना?" साहेब म्हणाले, "सगळ्यांना. वेगळा निघाला असता तर गोष्ट वेगळी होती." मग पाण्याचा आवाज. मग साहेब, "...एकट्याला पिंजऱ्यात तीस वर्षं? हे बरं. त्याला कळणारही नाही." मग लेक काहीतरी म्हणाली आणि तिचा आवाज लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला.

कळणारही नाही म्हणजे प्रवासात गुंगी देतात ती. चांगलंच आहे. पण मग पेटी कुठाय? दांडगोबासाठी कशी, लाकडी पेटी चार दिवस आधी आणून ठेवली, त्यानं तिच्यात बसून बघितलं, जेवला, रुळला. गेलाही परवा, शहाण्यासारखा. गाठोड्यासाठी पेटीच नाही. पेटीऐवजी मागच्या आवारात फक्त ताडपत्री आलीय, मोठी. मी डॉक्टरांना विचारलं, "नवरदेवाला चालत नेणार का?" ते म्हणाले, "गाडी येईल." आणि टोपी काढून पुन्हा घातली.

असेल. मोठ्या लोकांच्या पद्धती. मी उगाच फाटे फोडते.

शुक्रवार, १३ डिसेंबर

जेवताना लेक म्हणाली, "आई, मला तुला काहीतरी सांगायचंय."

मी म्हटलं, "मलाही. आधी माझं ऐक, गंमत आहे. ती पाकिटं..."

"पाकिटांचं नाव काढू नकोस!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या पिंजऱ्यातले पोपट गप्प झाले. "त्या पाकिटांनीच सगळं केलं. आता त्यातलं एक अक्षरही मला ऐकायचं नाही."

मी घास खाली ठेवला. ती रडायला लागली, मग मीही. मग मला उमजलं. अगं, हे पाठवणीचं रडं! लहानपणापासून तिनंही त्याला खेळवलंय. त्याच्यात रानचीचा दोरा निघाला असता तर तो जवळच्याच बागेत गेला असता, आता कुठं लांब पाठवताहेत, म्हणून पाकिटांवर राग. मी तिला जवळ घेतलं, म्हटलं, "वेडाबाई, पोरगा जातोय तो मोठा व्हायला जातोय. आपण तोंड पाडून त्याला निरोप द्यायचा का?" ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तू खूश आहेस ना, आई?"

"म्हणजे काय!"

"मग राहू दे," ती म्हणाली. "माझं काही नव्हतं सांगायचं."

पुढचं ताट तिनंच घासलं, माझंही.

रविवार, १५ डिसेंबर

आज खरी सुई, पण औषध नसलेली, नुसती टोचायची. मी टाळी वाजवली, "राजा, खांदा," आणि त्यानं लावला. सुई गेली तरी हलला नाही. नुसता माझ्याकडं बघत होता, केळं मिळणार ना, एवढंच. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्याशिवाय हे जमलंच नसतं." साहेबही तेच म्हणाले. लेक नव्हती, तिनं चार दिवसांची रजा काढलीय, पण घरातच बसून आहे, भिंतीकडं तोंड करून. हुबेहूब गाठोड्या.

आणि मी आज एक चांगलं काम केलं. खारूताईला बोलले होते ते मनाला लागून राहिलं होतं. गरीब पोर, पाच केस तर मागितले होते. तेव्हा खांदा लावून बसला असताना जाळीतून त्याच्या दंडावर हात फिरवला, केस आपोआप हातात आले, मुळासकट, पांढरा ठिपका असतो ना टोकाला, तसे. पाच मोजून घेतले. स्वच्छ कागदात गुंडाळले, वर गाठोडं काढलं, आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेत. ह्यावेळी त्याचेच, शंभर टक्के. आणि दांडगोबाच्या पेंढ्यातली ती गंमतही तिला सांगून टाकणार आहे. हसून हसून पुरेवाट होईल तिची. म्हणेल, आजी, तुम्ही म्हणजे ना!

फोन करून आत्ताच सांगणार होते, पण लेक म्हणाली, "कुणाला फोन करायचा नाही आता, आई, हात जोडते." आणि गंमत काय फोनवर सांगायची असते? तोंड बघायला पाहिजे समोरच्याचं. ती येणारच आहे प्रोफेसरांबरोबर, त्यांना शेवटी रक्त घ्यायचंय त्याचं, पुष्कळ लागतं म्हणे. सुई झाली, गडबड उरकली, की सगळ्यांना खाद्यघरात बसवीन, चहा टाकीन, आणि चहाबरोबर डबा तिच्या हातात देईन.

घोंगडी पुन्हा धुतली. त्याच्याबरोबर पाठवायची. केळी पिकत घातलीत, अगदी तोवर होतील. मी साहेबांना विचारलं, उशीर तर नाही ना होणार, माझं पोर भुकेलं राहील. ते म्हणाले, नाही आजी, वेळेवर येणार सगळे.

बुधवारी, १८ तारखेला, सकाळी आठ वाजता.